वहीची नोंद कोणत्या वहींत?

खिशांतील मोबाईल रात्रीं कांहीं कारणानें आपोआप बंद पडला, पुन्हां सुरू झाला, आणि धनी झोपेंत असल्यामुळें त्यानें आपला गुप्त अंक अद्याप त्यांत घातलेला नाहीं, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. पहांटे पांचाचा गजर लावलेला असेल तर बहुतेक यंत्रांत तो ठरल्या वेळीं वाजतो. मध्यंतरीं कोणाचें बोलावणें आलें तर यंत्र तेंही कळवितें. परंतु पडद्यावर बोलावणाऱ्याचें नांव उमटत नाहीं, नुसता क्रमांक दिसतो. सख्खी बहीण बोलावीत असली तरी त्या घटकेस यंत्राला ती परकी असते. गुप्त अंक घालतांच तीच बहीण नांवानिशीं ओळखीची होते.

यंत्र बिघडलें असें यावरून कोणीं समजूं नये. 2016 सालीं निघालेल्या अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून मोबाईलमधील सांठा दोन कोठारांत विभागलेला आहे. एका कोठाराची किल्ली यंत्र सुरू होतांच यंत्रालाच मिळते. गजराची वेळ तेथें असते. दुसऱ्याची किल्ली धन्याच्या गुप्त अंकावांचून तयारच होत नाहीं. आप्तेष्टांचीं नांवें तेथें असतात. दोन्ही कोठारें कूटलेखनानें झांकलेलीं, तरी एक आधीं उघडतें व एक मागाहून. सर्वच कांहीं धन्याच्या किल्लीनें बंद केलें असतें तर किल्ली विचारणारा पडदासुद्धां उघडला नसता. तेव्हां कुलूप उघडण्यासाठीं कुलुपाबाहेर कांहींतरी ठेवावेंच लागतें. तें किती ठेवावें, आणि जें बाहेर राहिलें त्यावर पहारा कोणाचा, हा आजच्या भाषणाचा विषय होय. दिसावयास हा प्रश्न किरकोळ आहे. परंतु लिनक्स नांवाच्या कार्यप्रणालीचे रचनाकार, जिच्या गाभ्यावर अँड्रॉइडही उभें आहे, ते या प्रश्नाशीं वीस वर्षांहून अधिक काळ झगडत आले आहेत, आणि त्यांत त्यांची दोन वेळां चांगलीच फसगत झाली आहे.

प्रथम फाईल म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. एक नांव, आणि त्या नांवाखालीं साठविलेला मजकूर, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती पुरती खरी नाहीं. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉमसन व डेनिस रिची यांनीं युनिक्स ही कार्यप्रणाली रचिली आणि 1974 सालीं तिचें वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यांत सांगितलेली व्यवस्था थोड्याफार फरकानें आजही चालू आहे. प्रत्येक फाईलीमागें एक लहानशी नोंद असते. फाईल कोणाच्या मालकीची, ती कोणीं वाचावी व कोणीं लिहावी, तिची लांबी किती, शेवटचा फेरफार केव्हां झाला, मजकूर डिस्कच्या कोणकोणत्या खणांत ठेविला आहे, हें सर्व त्या नोंदींत लिहिलेलें असतें. या नोंदीला आयनोड म्हणतात. यांतील ‘आय’ कशाचा, असें पुढें रिची यांस विचारलें गेलें तेव्हां त्यांनाही तें खात्रीनें सांगतां आलें नाहीं. ‘इंडेक्स’ म्हणजे सूचि या शब्दाचें तें आद्याक्षर असावें, असा त्यांचा तर्क होता. बारशाला हजर असलेल्या माणसालाच नांवाचा अर्थ आठवूं नये, असा हा प्रकार.

एक गोष्ट मात्र आयनोडांत मुळींच नसते, आणि ती म्हणजे फाईलीचें नांव. नांवांच्या याद्या निराळ्या. त्यांस डिरेक्टरी म्हणतात. यादींत प्रत्येक नांवासमोर आयनोडाचा नुसता क्रमांक लिहिलेला असतो. म्हणून एका आयनोडाला दोन नांवें असूं शकतात, आणि, येथें महत्त्वाचें हें कीं, एकही नांव नसलेला आयनोडही असूं शकतो. त्याला यादीच्या वाटेनें कोणी गांठूं शकत नाहीं. फाईल-व्यवस्थेला मात्र त्याचा क्रमांक ठाऊक असतो.

असे आयनोड प्रत्येक डिस्कवर असतात. लिनक्सवर अतिशय प्रचलित असलेली एक्स्ट-4 ही फाईल-व्यवस्था 2008 सालच्या अखेरीस वापरास योग्य म्हणून जाहीर झाली. तिच्यांत पहिले दहा क्रमांक जणूं सरकारी कामासाठीं राखून ठेविलेले आहेत. क्रमांक एकखालीं डिस्कवरील खराब झालेल्या खणांची यादी; दोन हा सर्व याद्यांचा मूळ पुरुष; तीन आणि चार यांत कोणीं किती जागा वापरली याचा हिशेब; पांच हा यंत्र सुरू करणाऱ्या आरंभक कार्यक्रमासाठीं; आणि आठ ही रोजकीर्द. रोजकीर्द हा शब्द येथें अलंकार म्हणून योजिलेला नाहीं. पेढीवरचा कारकून खतावणींत आंकडा चढविण्यापूर्वीं तो कीर्दींत टिपून ठेवितो, त्याचप्रमाणें ही व्यवस्था प्रत्येक फेरफार आधीं क्रमांक आठमध्यें टिपते व मग जागच्या जागीं करिते. मध्येंच वीज गेली तर कीर्द वाचून हिशेब जुळवितां येतो. यांपैकीं मूळ यादी सोडली तर बाकीच्या नोंदी कोणत्याही यादींत सांपडावयाच्या नाहींत. त्या व्यवस्थेच्या स्वत:च्या; घरच्या बाईची मिसळणाची पाळी जशी पाहुण्यापुढें मांडली जात नाहीं, तशा.

जुन्या आयनोडांतील मालकी व परवानगी पुढें अपुरी पडूं लागली. कारण उघड आहे. धन्याच्या नांवानें चालणारा प्रत्येक कार्यक्रम धन्याचे सर्व अधिकार घेऊन फिरतो. चित्रें दाखविण्यापुरता ठेविलेला कार्यक्रम बिघडला किंवा फितूर झाला, तर धन्याचीं बँकेचीं कागदपत्रें वाचण्यास त्याला कोण अडविणार? यावर उपाय म्हणून अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीनें एसई-लिनक्स ही पद्धति तयार केली, ती 2000 सालच्या डिसेंबरांत सर्वांस खुली केली, आणि 2003 सालीं ती लिनक्सच्या मूळ गाभ्यांत समाविष्ट झाली. अँड्रॉइडनें 2014 च्या पांचव्या आवृत्तीपासून ती सर्वत्र सक्तीची केली. तिचें तत्त्व साधें आहे. प्रत्येक फाईलीवर एक शिक्का असतो, प्रत्येक चालत्या कार्यक्रमावर एक शिक्का असतो, आणि कोणत्या शिक्क्याच्या कार्यक्रमानें कोणत्या शिक्क्याच्या फाईलीला हात लावावा याचे नियम पहारेकऱ्याजवळ असतात. मालक कोण याची पहारेकरी पर्वा करीत नाहीं.

दुसरी भर पडली ती कूटलेखनाची. 2015 सालीं लिनक्सच्या 4.1 या आवृत्तींत एक्स्ट-4 ला प्रत्येक फाईल निरनिराळ्या किल्लीनें झांकण्याची सोय मिळाली. फाईल निर्माण होतांना तिच्यासाठीं सोळा बाइटांची एक यदृच्छ संख्या काढली जाते. धन्याची मुख्य किल्ली व ही संख्या यांच्या संयोगानें त्या फाईलीची खास किल्ली तयार होते. ती संख्या, आणि कोणती मुख्य किल्ली लागेल याची खूण, फाईलीबरोबर कोठें तरी लिहून ठेवावी लागते.

हा शिक्का व ही खूण ठेवावयाची कोठें? त्यासाठीं आयनोडाला जोडपत्रें लावण्याची पद्धति आहे. सरकारी दप्तरांत मूळ कागदाला टांचणीनें पुरवणी-चिठ्ठी लावतात, तसेंच हें. शिक्क्याचें एक जोडपत्र, कूटलेखनाच्या खुणेचें दुसरें, आणि अमक्यास वाचूं द्यावें व तमक्यास देऊं नये अशी बारीक परवानगीची यादी असेल तर तिचें तिसरें.

येथपर्यंत सर्व सरळ आहे. गांठ पडते ती पुढें. जोडपत्र हेंही शेवटीं डिस्कवर लिहिलेलें कांहींतरी आहे. त्याची स्वत:ची नोंद कोणती? त्यावर शिक्का कोणाचा? दप्तरांतील प्रत्येक वहीची नोंद बारनिशीच्या वहींत करावी असा नियम केला, तर खुद्द बारनिशीच्या वहीची नोंद कोणत्या वहींत करावयाची? माणूस अशा वेळीं हंसून पुढें जातो. यंत्राला हंसतां येत नाहीं. तें नियम पाळीत बसतें.

हा प्रसंग काल्पनिक नाहीं. रायझर-एफएस नांवाची एक फाईल-व्यवस्था 2001 सालीं लिनक्सच्या गाभ्यांत आली. तिच्या रचनाकारांनीं जोडपत्रें ठेवण्यासाठीं मोठी सोयीची युक्ति काढली. प्रत्येक जोडपत्र ही एक साधी फाईलच समजावयाची, आणि अशा सर्व फाईली एका झांकलेल्या डिरेक्टरींत ठेवावयाच्या. तिचें नांव ‘.रायझरएफएस_प्रिव्ह’, आरंभींचा टिंब म्हणजे नजरेआड ठेवण्याची जुनी युनिक्सी खूण, आणि ‘प्रिव्ह’ म्हणजे खासगी. आतां एसई-लिनक्सचा पहारेकरी येथें आला म्हणजे काय होतें तें पाहावें. कोणीं एक नवी फाईल निर्माण केली. पहारेकरी म्हणाला, हिच्यावर शिक्का लिहा. शिक्का लिहावयाचा म्हणजे जोडपत्र निर्माण करावयाचें. जोडपत्र म्हणजे येथें नवी फाईल. पहारेकरी पुन्हां म्हणाला, ही नवी फाईल दिसते, हिच्यावरही शिक्का लिहा. त्यासाठीं तिसरी फाईल. तिच्यावर शिक्का हवा म्हणून चौथी. दोन आरसे समोरासमोर ठेवावे तशी ही मालिका कोठेंच संपत नाहीं.

तोड निघाली ती अशी. आयनोडावर एक बारीकशी खूण ठेवण्याची सोय गाभ्यांत करण्यांत आली. तिचें नांव एस-प्रायव्हेट. ही खूण ज्या आयनोडावर असेल तो फाईल-व्यवस्थेचा अंतर्गत मामला आहे, असें सर्वांनीं समजावें. पहारेकऱ्यानें ही खूण पाहिली कीं त्यानें शिक्का विचारावयाचा नाहीं, नियम पाहावयाचा नाहीं, कांहींएक न बोलतां बाजूस व्हावयाचें. रायझर-एफएसच्या स्वत:च्या तपासणींतही अशीच सवलत होती. अंतर्गत वस्तूला परवानगी विचारूं नये, कारण ती परवानगी जिचें जोडपत्र आहे त्या मूळ फाईलीवर आधींच तपासली गेलेली असते, असा त्यामागचा युक्तिवाद.

हा युक्तिवाद चुकीचा म्हणतां येणार नाहीं. तिजोरीच्या खोलीच्या दारावर एकदां ओळख पटविल्यावर आंतल्या प्रत्येक फडताळाशीं पुन्हां ओळख विचारण्यांत काय अर्थ आहे? परंतु त्यांत एक गृहीत दडलेलें आहे: त्या खोलीला दुसरें दार नाहीं. बिनपहाऱ्याची सूट त्या एका गृहीतावर उभी आहे, आणि तें गृहीत सांभाळण्याचें काम पहारेकऱ्याचें नव्हे, गवंड्याचें आहे.

गवंड्याच्या हातून चूक झाली ती 2009 सालीं. तोंवर त्या खासगी डिरेक्टरीचें नांव घेऊन कोणी आंत शिरूं पाहिलें तर नांव शोधणारा भागच तिला लपवीत असे. रचना सुटसुटीत करण्याच्या हेतूनें तो भाग काढून टाकण्यांत आला, आणि लपविण्याचें काम दुसऱ्या एका युक्तीवर सोंपविण्यांत आलें. ती युक्ति कधीं चाललीच नाहीं, असें मागाहून दिसून आलें. चमत्कार असा कीं डिरेक्टरींतील नांवांची यादी मागितली असतां हें नांव यादींतून अजूनही गाळलें जात होतें. म्हणजे पाहणाऱ्याला सर्व जागच्या जागीं दिसे. पण ज्याला नांव ठाऊक होतें त्यानें तें सरळ टंकित केलें कीं दार उघडत होतें. आंत गेल्यावर तेथील प्रत्येक वस्तूवर एस-प्रायव्हेटची खूण. म्हणून पहारेकरी गप्प आणि व्यवस्थेची स्वत:ची तपासणीही गप्प. ज्याला कसलाही विशेष अधिकार नाहीं असा साधा वापरकर्ता तेथें बसून दुसऱ्यांचीं, प्रत्यक्ष यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याचींसुद्धां, जोडपत्रें वाचूं, बदलूं व पुसूं शकत होता. जोडपत्रांतच परवानग्या लिहिलेल्या असतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे याचा अर्थ स्पष्ट होतो. कोणाला कुलपें फोडावीं लागलीं नाहींत. कुलपें कोणाचीं हें ठरविणारा कागदच हातीं लागला.

2010 च्या एप्रिलांत हें उघडकीस आलें व दुरुस्तही झालें. सुरक्षेच्या दोषांची जी जागतिक नोंदवही आहे तींत त्याचा क्रमांक 2010-1146 असा आहे. ज्यांच्या यंत्रांत अनेक माणसें वावरत, विद्यापीठांचीं वा कचेऱ्यांचीं सामायिक यंत्रें, त्यांच्या दृष्टीनें हा दोष लहान नव्हता. आणि तो कूटलेखनांतला किंवा पहारेकऱ्याच्या नियमांतला दोष नव्हता हें विशेष. नियम बिनचूक होते. त्यांस त्या खोलीपुरती रजा दिलेली होती. लपविणें आणि राखणें यांत भेद आहे हें घरोघर ठाऊक असतें. तांदळाच्या डब्यांत पुरलेले दागिने चोराला न दिसले तर वांचतात, दिसले तर डब्याला कडी नसते.

एक्स्ट-4 नें हीच अडचण निराळ्या तऱ्हेनें सोडविली, आणि ती तऱ्हा अधिक शहाणपणाची म्हटली पाहिजे. तिच्यांत लहान जोडपत्र खुद्द आयनोडाच्या उरलेल्या जागेंत, नाहीं तर त्याच्या एका जोडखणांत लिहिलें जातें. त्याला निराळी नोंदच लागत नाहीं, म्हणून प्रश्नही उद्भवत नाहीं. परंतु कांहीं जोडपत्रें मोठीं असतात. त्यांच्यासाठीं 2017 सालीं, लिनक्सच्या 4.13 या आवृत्तींत, एक सोय झाली: मोठें जोडपत्र स्वतंत्र आयनोडांत ठेवावें. पुन्हां तोच पेंच! मात्र या वेळीं त्या आयनोडाला कोणत्याही यादींत, लपविलेलें वा उघडें, नांवच दिलेलें नाहीं. ज्याचें जोडपत्र आहे त्या फाईलीच्या पोटीं त्याचा क्रमांक लिहिलेला असतो, एवढाच त्याचा पत्ता. तो निर्माण होतांना त्याच्यावर शिक्का मारला जात नाहीं, परवानगीची यादी लावली जात नाहीं, आणि त्याचें कूटलेखनही केलें जात नाहीं. कूटलेखनाची खूण हीच मुळीं एक जोडपत्र आहे. जोडपत्राला झांकण्यासाठीं दुसऱ्या जोडपत्राची खूण लागली असती.

मग तेथें धोका उरला नाहीं काय? उरला, पण निराळ्या बाजूनें. डिस्कवरील मजकूर नेहमीं सज्जनांनींच लिहिलेला असतो असें नाहीं. कोणी मुद्दाम बनावट डिस्क तयार करावी, तींत साध्या यादींतील एका नांवासमोर अशा अंतर्गत आयनोडाचा क्रमांक लिहावा, किंवा अंतर्गत आयनोडालाच आणखी जोडपत्रें लावून ठेवावीं, आणि ती डिस्क दुसऱ्याच्या यंत्राला लावावी. गूगलचा एक स्वयंचलित परीक्षक गाभ्यावर असले वेडेविद्रे प्रयोग रात्रंदिवस करीत असतो. त्याच्या तक्रारींवरून 2023 सालीं एक्स्ट-4 मध्यें दोन तपासण्या वाढविण्यांत आल्या. पहिली अशी कीं आयनोड उचलतांना मागणाऱ्यानें आधीं सांगावें, मला अंतर्गत हवा कीं साधा. आणि हातीं आलेल्या आयनोडावरील खूण त्याच्याशीं जुळली नाहीं तर डिस्क बिघडलेली आहे असें जाहीर करून काम थांबवावें. दुसरी अशी कीं जोडपत्राच्या आयनोडाला स्वत:चें जोडपत्र असतां कामा नये. आरशांची ती जुनी मालिका येथें दारांतच तोडली गेली. रायझर-एफएसमध्यें खूण म्हणजे केवळ सवलत होती. येथें अंतर्गतपणाची निराळी खूण ओळखपत्र झाली: जो आंतला आहे त्यानें आंतल्यासारखेंच वागावें, आणि जो बाहेरचा आहे त्याला ती खूण लावून मिरवितां येऊं नये.

कूटलेखनाच्या बाजूनें पाहतां आणखी एक कुतूहलाची गोष्ट आढळते. एक्स्ट-4 मध्यें कोणतीही रिकामी डिरेक्टरी कूटलेखनाखालीं आणतां येते. मूळ डिरेक्टरी, म्हणजे आयनोड क्रमांक दोन, मात्र आणतां येत नाहीं. सर्वांत वरचीच झांकली म्हणजे सगळेंच झांकलें, मग ही मनाई कां? कारण आहे डिस्कचा वैद्य. वीज जाऊन किंवा डिस्क खराब होऊन घोटाळा झाला तर एक दुरुस्ती-कार्यक्रम सर्व आयनोड तपासतो, आणि ज्यांचीं नांवें नाहींशीं झालीं आहेत अशा अनाथ फाईली उचलून ‘लॉस्ट-अँड-फाउंड’ म्हणजे हरवलें-सांपडलें अशा नांवाच्या डिरेक्टरींत आणून ठेवितो. ही डिरेक्टरी मूळ डिरेक्टरींत असते. या वैद्याजवळ कोणाची किल्ली नसते, आणि नसावी हेंच योग्य. पूर्वीं असें घडूं शके कीं कोणीं सर्व कांहीं पुसून मूळ डिरेक्टरीच झांकली, पुढें वैद्य आला, त्याला हरवलें-सांपडलें दिसेना म्हणून त्यानें तें नव्यानें उघड्या अक्षरांत लिहिलें. आणि पुढच्या खेपेस त्याच वैद्यानें आपलेंच अक्षर रोगाचें लक्षण ठरविलें. यावर मूळ डिरेक्टरी उघडीच ठेवावी असा निर्णय झाला. तींत नांवें तेवढीं दिसतात. गुप्त ठेवावयाचें तें खालच्या खोल्यांत ठेवावें.

रोजकीर्दीचेंही तसेंच. एक्स्ट-4 ला असें सांगतां येतें कीं नुसते फेरफारच नव्हेत, फाईलींतील सगळा मजकूरही आधीं कीर्दींत लिहीत जा. पण कूटलेखन केलेल्या फाईलींच्या बाबतींत ही आज्ञा व्यवस्था पाळीत नाहीं. त्यांचा मजकूर कीर्दींत न घालतां ती सरळ जागेवर लिहिते. कीर्द ही सर्वांची, तिला कोणा एकाची किल्ली नाहीं. पांचव्या क्रमांकाचा आरंभक आयनोड घ्यावा. साध्या फाईलींतील मजकूर व या आयनोडांतील मजकूर यांची अदलाबदल करण्याची एक आज्ञा आहे. पण फाईल कूटलेखनाखालील असेल तर ती आज्ञा नाकारली जाते. यंत्र जागें करणाऱ्या कार्यक्रमाला झांकलेला मजकूर देऊन तो काय करणार?

येथें एक कबुली द्यावीच लागते, आणि ती या पद्धतीच्या रचनाकारांनींही उघडपणें दिली आहे. फाईलीगणिक कूटलेखनानें मजकूर व नांवें झांकलीं जातात. लांबी, तारखा, मालकी, परवानग्या व जोडपत्रें झांकलीं जात नाहींत. डिस्क चोरणाऱ्याला पत्रें वाचतां येणार नाहींत, पण पत्रें किती, केवढीं व केव्हां लिहिलीं हें मोजतां येईल. पुष्कळदां तेवढेंही फार असतें. म्हणून अँड्रॉइडनें 2018 सालच्या नवव्या आवृत्तींत आणखी एक आवरण आणलें. तें फाईल-व्यवस्थेच्याही खालीं, डिस्कच्या पातळीवर, यंत्राच्या एका किल्लीनें घातलेलें असतें. आयनोड, कीर्द, हिशेब, जोडपत्रें, सर्व त्याखालीं येतें. यंत्र सुरू होतांच तें उघडतें, म्हणून चालू यंत्रांत त्याचा पहारा नाहीं; डिस्क उपटून नेणाऱ्यापुढें मात्र आहे. घराच्या कुंपणाला एक फाटक आणि आंत प्रत्येकाच्या पेटीला निराळें कुलूप, अशी ती व्यवस्था झाली. एकानें दुसऱ्याचें काम होत नाहीं.

दुसरी फसगत अगदीं अलीकडची, आणि तींत डिस्कचा संबंधच नाहीं. 2021 सालीं लिनक्सच्या 5.14 या आवृत्तींत कार्यक्रमांना स्मृतीचा एक खास कप्पा मागण्याची सोय झाली. हा कप्पा इतका खासगी कीं गाभा स्वत:ही आपल्या नेहमींच्या वाटेनें तेथें पाहूं शकत नाहीं. कूटलेखनाच्या किल्ल्या ठेवावयास याहून चांगली जागा कोणती? अशा कप्प्यालाही गाभा एक आयनोड देतो, निनांवी, डिस्कवर कोठेंही नसलेला. हे निनांवी आयनोड ज्या सामायिक साच्यांतून निघतात तो साचा प्रत्येकावर आपोआप एस-प्रायव्हेटची खूण उमटवितो. बहुतेक निनांवी आयनोड खरोखरच अंतर्गत उपयोगाचे असल्यामुळें तें ठीक होतें. या कप्प्यांच्या आयनोडांना पहारेकऱ्याचा शिक्का मिळावा अशी योजना पुढें करण्यांतही आली. शिक्का मारला गेला. खूण मात्र पुसावयाची राहिली. शिक्का आहे, नियम आहेत, पहारेकरीही आहे. पण खूण पाहून तो मान फिरवितो. गुपितें ठेवण्यासाठीं बांधलेली जागाच पहाऱ्यांतून वगळली गेली. दार सताड उघडें पडलें असें नव्हे, कारण या कप्प्याला नांव नाहीं व तो ज्याच्या हातीं सोंपविला त्यालाच मिळतो. परंतु सोंपविलेल्याकडून तो दुसऱ्याच्या हातीं जाऊं नये यासाठीं जो नियम एसई-लिनक्समध्यें लिहावा, तो तेथें लागूच होत नव्हता.

हा दोष 2025 सालीं ध्यानांत आला तो दुसरेंच काम चालू असतां. एका यंत्राच्या पोटांत अनेक काल्पनिक यंत्रें चालविण्याची जी पद्धति आहे, तींतील पाहुण्या यंत्रांच्या स्मृतीसाठीं असेच निनांवी आयनोड हवे होते, आणि त्यांवर योग्य शिक्का कसा असावा हें पाहतांना जुन्या कप्प्याची खूण नजरेस आली. आतां दोहोंसाठीं एकच कृति वापरली जाते. ती साच्यांतून आयनोड काढते, प्रथम त्यावरील अंतर्गतपणाची खूण पुसते, मग पहारेकऱ्याला बोलावून शिक्का मागते, आणि पहारेकऱ्यानें नकार दिला तर तो आयनोड तेथल्या तेथें टाकून देते.

रायझर-एफएस मात्र हें पाहावयास उरली नव्हती. तिचा वापर कमी होत गेला, तिची देखभाल करणारे उरले नाहींत, आणि 2025 च्या जानेवारींत निघालेल्या 6.13 या आवृत्तींतून ती गाभ्याबाहेर काढण्यांत आली. तिच्या खोलीसाठीं आणलेली ती बारीकशी खूण अजून जागेवर आहे. निनांवी आयनोडांचा सामायिक साचा आजही ती प्रथम उमटवितो, आणि ती पुसावयाची कीं ठेवावयाची हें ज्याचें काम असेल त्यानें ठरवावयाचें असतें.